बायपासनंतर घरी आल्यावरचे पहिले बारा आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना, राहणं सातारा जिल्ह्यातल्या गावी, शेती आणि दोन जनावरं. पुण्यात बायपास झाली, तीन ग्राफ्ट (अडलेल्या जागेला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या) टाकले, आठव्या दिवशी घरी सोडलं. आता घरी येऊन पाच दिवस झालेत. उजवा पाय सुजलाय, कूस बदलताना छातीत मधेच 'कट्' असं वाजतं, डावीकडे छातीला सदरा लागला तरी झोंबतं, रात्री झोप नाही आणि कोणी भेटायला आलं की डोळ्यांत पाणी येतं. नातेवाईक म्हणतात, तीन महिने खाटेवरून उठू देऊ नका. काय खरं मानायचं?

नातेवाइकांच्या त्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. बायपासनंतर जपायचं असतं ते छातीचं हाड. हृदयाला आणि फुफ्फुसांना मात्र हालचालच हवी असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस खाटेवर पडून राहतो, फुफ्फुसाच्या तळाला कफ साठतो, पिंडरीत रक्ताची गाठ धरते, मांड्या सुकतात आणि तिसऱ्या आठवड्यात 'ऑपरेशनने माणूस खचला' असं सगळे म्हणायला लागतात. वडिलांना आजपासूनच चालवायचं आहे. फक्त हातांवर जोर येऊ द्यायचा नाही.

नेमकं काय केलंय ते समजलं की निम्मी भीती जाते. छातीच्या मधलं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापून उघडतात. हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला बहुतेक वेळा छातीच्या आतल्या डाव्या बाजूची धमनी सोडवून जोडतात आणि बाकीच्या ग्राफ्टसाठी पायातली शीर काढून घेतात. काम झालं की हाडाच्या दोन फळ्या स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात, साधारण सहा ते आठ तारा. त्या तारा जन्मभर आतच राहतात, काढायच्या नसतात. तार हाडाला फक्त धरून ठेवते, जुळायचं काम हाडाचंच. त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरती मजबुती यायला बारा. मधुमेह असेल, तंबाखू-विडी चालू असेल किंवा वजन जास्त असेल तर आणखी उशीर लागू शकतो.

डावीकडचं झोंबणं त्या आतल्या धमनीमुळे आहे. ती सोडवताना बारीक नसा दुखावतात. बधिरपणा, जळजळ, कपडा सहन न होणं हे काही आठवडे ते काही महिने चालतं आणि हळूहळू ओसरतं. तसंच पायाचं. शिरेच्या शेजारून जाणारी नस ताणली गेल्याने घोट्याच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं. थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो, त्याने चालण्यावर परिणाम होत नाही.

पायाची सूज. ज्या पायातली शीर काढली तोच पाय सुजलाय, संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते, असं असेल तर ते अपेक्षित आहे. खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळत ठेवू नका, समोर स्टूल घ्या. दुपारी आडवं झाल्यावर पायाखाली दोन उशा द्या. क्रेप बँडेज सांगितलं असेल तर सकाळी उठायच्या आधी बोटांच्या मुळापासून वर गुडघ्याकडे बांधा आणि रात्री सोडा. वरून खाली बांधलं किंवा मधेच आवळलं गेलं की सूज वाढते, हे घरोघरी चुकतं. दोन प्रकारची सूज मात्र वेगळी. एकाच पायाची पिंडरी कडक, गरम, दाबल्यावर दुखरी झाली तर गाठीची शंका घ्यायची. दोन्ही पाय सुजले आणि वजनही चढायला लागलं तर शरीरात पाणी साठतंय. दोन्ही वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आता तो 'कट्' आवाज. हा पाहिलाच पाहिजे. वडिलांना पाठ टेकून बसवा, त्यांचाच तळहात जखमेवर न दाबता सपाट ठेवा आणि हळू खोकायला सांगा. आवाज बरगडीच्या कडेला, मधल्या रेषेपासून दूर असेल, दुखत नसेल, तर तो बऱ्याचदा बरगड्यांच्या कूर्चेच्या (मऊ हाडाच्या) सांध्यांचा असतो. ऑपरेशनच्या वेळी ते सांधे ताणलेले असतात. पण हाताखाली बरोबर मधोमध काही सरकल्यासारखं जाणवलं, प्रत्येक खोकल्याला जाणवलं, तर हाड हलतंय असं धरून चालायचं आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता एक-दोन दिवसांत सर्जनला दाखवायचं. त्याच्या जोडीला ताप, जखमेतून पाणी किंवा पू, भोवती लाली असेल तर त्याच दिवशी. हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग फार जणांना होत नाही, पण झाला तर पुन्हा ऑपरेशनपर्यंत जातं, आणि तो साधारण दोन ते चार आठवड्यांत डोकं वर काढतो. म्हणजे तुमचे दिवस आत्ता तेच आहेत.

हाड हलतं ते बहुतेक वेळा अंथरुणातून उठताना. पाठीवर झोपलेला माणूस दोन्ही हात मागे टेकून किंवा खाटेची कड ओढून उठतो, त्या क्षणी तारांवर सगळा ताण येतो. उठायची रीत अशी: आधी दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर. हात छातीवर, हातांत घट्ट घडी केलेला टॉवेल किंवा छोटी उशी कवटाळलेली. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून ओंडका लोटल्यासारखं पूर्ण कुशीवर. तिथे एक श्वास. दोन्ही पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा, पायांचं वजन खाली जाईल तसं धड आपोआप वर येतं, खालच्या कोपराचा आधार अंगाला चिकटून, अगदी हलका. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही. मिनिटभर पाय हलवत बसायचं, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांनी या दिवसांत उठल्या उठल्या चक्कर येते. मदत करणाऱ्याने बगलेत हात घालून उचलायचं नाही, हात धरून ओढायचंही नाही. एक हात पाठीमागे खांद्याच्या पात्यांवर, दुसरा कमरेला. घरातल्या प्रत्येकाकडून हे एकदा करून घ्या, कारण रात्री तीन वाजता कोण जवळ असेल सांगता येत नाही.

म्हणून जमिनीवरचं अंथरूण आणि ढिली बाज दोन्ही महिना-दोन महिने नको. दीड फूट उंचीची कडक खाट हवी. जेवायला पाट-पंगत नको, टेबल-खुर्ची. गावाकडच्या संडासात अडचण होते ती उठताना. उकिडवं बसलेला माणूस नळ किंवा बादली धरून स्वतःला वर ओढतो आणि सगळा जोर छातीवर येतो. मधे भोक असलेली कमोड-खुर्ची आणा, औषधांच्या दुकानात मिळते. आंघोळीला पाणी दुसऱ्याने काढून द्यायचं, स्टुलावर बसून मगाने घ्यायचं. जखम कोरडी असेल आणि तुमच्या सर्जनने परवानगी दिली असेल तर कोमट पाणी आणि साबण चालतो. चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं. हळद, तेल, राख, पावडर, कुणी सांगितलेला मलम यातलं काहीही जखमेला लावू नका. हळदीचा इथे काही उपयोग नाही, आणि जखम पिवळी झाली की खालची लाली दिसत नाही.

वजन उचलायची मर्यादा पहिले सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलो. आकडा सांगून कळत नाही, म्हणून घरातल्या वस्तूंत सांगतो. भरलेला पाच लिटरचा कुकर चालणार नाही. पाण्याची बादली पंधरा-वीस किलोची असते. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो, तो नुसता तिरका करून सरकवायचाही नाही. नातवाला कडेवर घ्यायचं नाही. त्यांनी बसावं आणि तुम्ही बाळ मांडीवर ठेवावं. घट्ट झाकण उघडणं, अडकलेलं दार किंवा खिडकी ओढणं, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहणं हे वजन वाटत नाही, पण जोर तोच. जनावराचा कासरा तर हातातच घ्यायचा नाही. गाय एकदा मान झटकते तेव्हा खांद्याला बसणारा हिसका कुठल्याही बादलीपेक्षा वाईट.

याचा अर्थ हात बांधून ठेवायचे असा नाही. खांदे हलवले नाहीत तर ते आखडतात आणि मग महिनाभर त्याचंच दुखणं पुरतं. दिवसातून दोनदा, दोन्ही हात एकाच वेळी, काही न उचलता, दुखणार नाही तिथपर्यंत वर न्या आणि खाली आणा, दहा वेळा. खांदे मागे गोल फिरवा, दहा वेळा. पोक काढून बसू देऊ नका. जखमेला जपायला माणूस नकळत पुढे वाकतो आणि श्वास उथळ होतो.

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र दवाखान्यातून दिलं असेल. घरी आल्यावर ते कपाटावर जातं, किंवा त्यात फुंकर मारली जाते. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश आत ओढा, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद धरून ठेवा, मग नळी काढून सोडा. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यापेक्षा एक किंवा दोन गोळ्या वर टिकवून धरणं जास्त कामाचं, कारण तेव्हाच फुफ्फुसाचा तळ उघडतो. जागेपणी दर एक-दोन तासांनी दहा श्वास, निदान पहिले तीन-चार आठवडे. त्यानंतर टॉवेल छातीशी आवळून दोन-तीनदा खोकायचं. खोकला दाबून ठेवणं चुकीचं आहे. टॉवेलचा आधार असेल तर खोकल्याने टाके तुटत नाहीत.

चालणं असं वाढवा. या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, घरात आणि ओसरीवर. पुढच्या आठवड्यात आठ-दहा मिनिटं, तीन-चार वेळा. त्यापुढे पंधरा मिनिटं दोन-तीनदा, मग वीस मिनिटं दोनदा, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सलग अर्धा तास. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना मधेच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. जेवणानंतर तासभर थांबा, भर दुपार आणि पहाटेची बोचरी थंडी टाळा, सुरुवातीला बांधावरून किंवा चढावरून चालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उतरलेला नसेल तर आदल्या दिवसाचं चालणं जास्त झालं असं समजा आणि दोन दिवस मागचाच हिशोब ठेवा. जिना आत्ताही चालतो: हळू, कठडा फक्त तोलासाठी, स्वतःला वर ओढायला नाही.

एक वही घाला. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. मग नाडी, रक्तदाब, ताप, उपाशीपोटीची साखर. वजनाला मी सगळ्यात जास्त मान देतो, कारण पाणी साठायला लागलं की धाप लागायच्या आधी काटा सांगतो. एका दिवसात एक किलो किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. ऑपरेशननंतर नाडी थोडी जलद, ऐंशी ते शंभर, असणं नेहमीचं. बसल्या जागी १२० च्या वर गेली, ५० च्या खाली आली किंवा बोटाखाली ठोके वेडेवाकडे लागले तर त्याच दिवशी ईसीजी काढा. ठोक्यांची ही अनियमितता बायपासनंतर बऱ्याच जणांना होते, मुख्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, पण घरी गेल्यावरही येऊ शकते. औषधाने ती आटोक्यात येते. दुर्लक्ष केलं तर हृदयात गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाऊ शकते.

साखर. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या वर राहत असेल तर जखम भरत नाही आणि जंतूंचं फावतं, म्हणून या सहा आठवड्यांत साखरेकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष. उलट बाजूही आहे. भूक मेलेली असते, जेवण अर्धं जातं आणि इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलं जातं. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी चालू असताना साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र फुटतो. म्हणून अचानक दरदरून घाम आला की आधी बोट टोचून साखर पाहा. एकादशी, चतुर्थी, श्रावण यातले उपास या वर्षी बाजूला ठेवा.

गोळ्यांमधली सगळ्यात मोठी चूक जुन्या डब्याची. ऑपरेशनआधीची रक्तदाबाची गोळी एका कंपनीच्या नावाची, नवीन यादीत तीच दुसऱ्या नावाची, आणि घरात दोन्ही चालू राहतात. जुना डबा आजच उचलून बाजूला ठेवा आणि सुट्टीच्या (डिस्चार्जच्या) कागदावरची यादी औषधाच्या मूळ नावाने लावून घ्या. ॲस्पिरिन, सोबत दिलं असेल तर क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या), आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन या गोळ्या बरं वाटतंय म्हणून थांबवायच्या नाहीत. छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदांचा उघडा असतो. पायातल्या शिरेचा ग्राफ्ट तितका टिकत नाही, दहा वर्षांत जवळपास निम्मे बंद पडतात. वडिलांच्या तीनपैकी दोन ग्राफ्ट शिरेचे असतील तर त्यांचं आयुष्य याच गोळ्या वाढवतात. दात काढायचा असला तरी ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर ठोके उसळतात.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, सांगितलेल्या मात्रेत. दुकानातून अंगदुखीची गोळी म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. बायपासनंतर त्यांनी हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट प्रत्येक छातीदुखीला देऊ नका. जखमेचं दुखणं हालचालीने, खोकल्याने, दाबल्याने वाढतं, त्यावर ती गोळी काही करत नाही, उलट रक्तदाब पडून माणूस कोसळतो.

खाण्यात पथ्याच्या नावाखाली उपासमार होते. मऊ भात आणि पातळ वरण एवढ्यावर हाड जुळत नाही. साठ किलोच्या माणसाला रोज साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, कपभर दुधात तेवढीच, शंभर ग्रॅम मासळी किंवा कोंबडीत वीसच्या वर. भाकरी, मोड आलेली उसळ, दही, अंडं, मासे, सगळं चालतं. एका वेळी जात नसेल तर पाच वेळा थोडं थोडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मीठ सगळं मिळून दिवसाला एक सपाट चमचा, म्हणून लोणचं, पापड, खारवलेली मिरची, फरसाण बंद. ठेचा करायचाच असेल तर बिनमिठाचा. भेटायला येणारे शहाळी आणतात. क्रिएटिनिन (रक्तातला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) वाढलेलं असेल किंवा रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय शहाळं देऊ नका, पोटॅशियम वाढतं. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते. रात्री इसबगोल एक-दोन चमचे, पेलाभर पाण्यात. कुंथणं टाळायचं आहे.

रडण्याबद्दल. वडील हळवे झाले नाहीत आणि कमकुवतही नाहीत. एवढं मोठं ऑपरेशन, आयसीयूतली तुटक झोप, मृत्यू जवळून पाहिल्याची जाणीव, हे सगळं घरी सुरक्षित वाटल्यावर बाहेर पडतं. पहिले दोन-चार आठवडे रडू येणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं, पेपर वाचताना ओळ हरवणं हे फार जणांना होतं. 'पुरुषासारखा पुरुष आणि रडता काय' असं कोणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती. दुपारची झोप पाऊण तासावर आणा, दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी द्या, भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा आणि सर्दी-खोकला असलेल्यांना दारातूनच नमस्कार करा. सहा आठवड्यांनंतरही जेवणात, बोलण्यात, जनावरांच्या चौकशीतही मन लागत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि ते अंगावर काढलं तर हृदयाचं बरं होणंही लांबतं.

१०८ ला फोन कधी करायचा: ऑपरेशनआधी जसं दुखत होतं तसं छातीवर दडपण आणि घाम, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, जखमेतून न थांबणारं रक्त. ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी सर्जनच्या युनिटला कळवा, गावात सलाईन लावून दोन दिवस काढू नका.

पुढच्या तपासणीला वही, सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि सुट्टीचा कागद न्या. चार ते सहा आठवड्यांनी ईसीजी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहतात. सहा ते बारा आठवड्यांत कोलेस्टेरॉल, त्यातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल निदान ७० च्या खाली हवं. पुण्याला जाताना गाडीत मागच्या सीटवर बसवा, पट्टा लावायचाच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल. तासा-दीड तासाने उतरवून पाच मिनिटं चालवा.

दुचाकी चालवणं आठ ते बारा आठवड्यांनंतर, सर्जनने हाड पाहून हो म्हटल्यावर. खड्डा आला की हँडलचा हिसका सरळ छातीत येतो. पती-पत्नीचे संबंध दोन मजले न धापता चढता येत असतील तर साधारण सहा-आठ आठवड्यांनी, छातीवर भार येणार नाही अशा बेताने. नायट्रेटची (सॉर्बिट्रेटसारखी) गोळी चालू असताना ताकदीच्या नावाने मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब जीवघेणा पडतो, हे त्यांना एकट्यात सांगा. शेतावर फेरी मारायला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून हरकत नाही, बसून देखरेख करावी. खुरपं, कुदळ, धार काढणं बाराव्या आठवड्यानंतर. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या घरात जातो, तो सगळ्यात शेवटी, आणि पहिले पंधरा दिवस अर्धाच भरलेला.